समोरासमोर दोन आरसे : आठवीच्या मुलींसोबतच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विषय ठरला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आठवीच्या चार मुली आणि मी दोन समांतर आरशांची पेटी मांडणार.

गेल्या महिन्यात कोनात ठेवलेल्या आरशांचं सूत्र शिकवत होते. ३६० भागिले कोन, उणे एक, इतक्या प्रतिमा. एकीने विचारलं, "बाई, कोन शून्य केला तर?" मी फळ्यावर 'अनंत' लिहिलं आणि तास संपला. तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला. सलूनमध्ये पुढे-मागे आरसे असतात, तिथे पोरांनी आरशातला बोगदा पाहिलेला असतो. मुली सराफाच्या दुकानात पाहतात. तो बोगदा कुठेच अनंत नसतो. थोडा आत जाऊन हिरवट होतो, मग काळोखात विरतो, आणि बहुतेक ठिकाणी वरच्या अंगाला वळलेलाही असतो. का विरतो आणि का वळतो, हे दाखवल्याशिवाय 'अनंत' शिकवून झालं असं मला म्हणता येणार नाही.

दुसरं कारण घराजवळचं. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशाला किंचित ताणत-दाबत जाणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राची, जागा आहे. मुलींना "तिथं मोठी दुर्बीण होणार" एवढंच माहीत आहे. त्या यंत्राच्या गाभ्यात समोरासमोर लावलेले आरसेच आहेत, हे त्यांना स्वतःच्या हाताने आरसे लावून कळावं असं वाटतं.

९ जानेवारी

काचवाल्या चाचांकडून ४ मिलिमीटर जाडीचे दोन आरसे ६० × ६० सेंटिमीटर कापून आणले. कडा घासून घेतल्या. दोन्हींत अंतरही ६० सेंटिमीटरच ठेवायचं, म्हणजे हिशेब सोपा.

मागे १८ मिलिमीटरची प्लायवूडची फळी. एक आरसा पक्का. त्याला 'अ' म्हणू. दुसरा, 'ब', खालच्या कडेवर टेकलेला आणि वर व बाजूला सहा एमएमच्या बोल्टने मागेपुढे होणारा. या बोल्टचा एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. त्यामुळे पाव फेरा फिरवला की पाव मिलिमीटर, वेगळं मोजमाप लागत नाही.

डोळा लावायला भोक हवं. दोन आरशांच्या मध्ये डोकं घातलं तर डोकंच दिसतं, बोगदा झाकला जातो. म्हणून 'अ'च्या मधोमध मागचा रंग आणि चांदीचा थर ब्लेड आडवं धरून ८ मिलिमीटरच्या गोलात खरवडला. आधी तांबूस रंग, मग तांब्याचा पातळ पापुद्रा, मग चांदी, असे थर मुलींनी पाहिले. आरसा म्हणजे 'चकचकीत काच' नसून काचेच्या पाठीवरचा धातू आहे, हे एवढ्या खरवडण्यात कळून गेलं.

१० जानेवारी

दोन्ही आरसे सिलिकॉनने फळ्यांना चिकटवले. वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता. दारं-खिडक्या उघडी ठेवली.

२० जानेवारी

संक्रांतीनंतर आज पेटी उभी राहिली. भोकाच्या बाजूला, 'अ'ला अगदी लागून, एक पांढरा एलईडी. वरून काळं कापड.

पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मी काही बोलू शकले नाही. मुली मागे "बाई, काय दिसतंय?" म्हणत ओढत होत्या. दिव्यांची रांग होती, आत, आत, आणखी आत. पहिला दिवा सव्वा मीटरच्या आत, पुढचे तेवढ्याच टप्प्याने. चौकटीत चौकट, तिच्यात चौकट. पण पाच-सहा दिव्यांनंतर रांग उजवीकडे वळू लागली आणि नवव्यानंतर चौकटीच्या कडेआड गेली. रस्ता वळणावर दिसेनासा होतो तशी.

मुलींच्या मते आरसे वाकडे आहेत. मला खरं तर काच फळीवर ताणली जाऊन वाकली असावी असं वाटत होतं.

२३ जानेवारी

आजचा दिवस लेझरचा. कमी ताकदीचा, सादरीकरणाला वापरतात तो. भोक काळ्या टेपने बंद केलं. लेझर चालू असताना पेटीच्या रेषेत कोणाचाही डोळा नको, हा पहिला नियम. आरशांवर चेहऱ्याची पावडर अगदी हलकी झटकली, कारण स्वच्छ आरशावर ठिपका दिसत नाही. शेजारी उदबत्ती.

डाव्या कडेतून, आरशाच्या लंबाशी साधारण ४ अंशांनी किरण आत सोडला. धुरात नागमोड उमटली. आरसे समांतर असते तर एका आरशावरचे ठिपके सारख्या अंतरावर उजवीकडे चालत जाऊन पेटीबाहेर पडले असते. तसं झालं नाही. पहिलं अंतर ८ सेंटिमीटर, मग ६ च्या खाली, मग ४ च्या खाली, मग ठिपक्यांचा गुच्छ. आणि नंतर?

"बाई, ठिपका माघारी आलाय!"

खरंच माघारी आला होता. किरण उजवीकडे निघाला, मध्यापर्यंतही न पोहोचता थबकला आणि तसाच डावीकडे परत फिरला. समोर भिंत नाही, अडथळा नाही. मी इतकी वर्षं परावर्तनाचे नियम शिकवते आहे, आणि हे मी कधी पाहिलं नव्हतं.

टेपने मोजलं. डावीकडे आरशांमधलं अंतर ६०.०, उजवीकडे ५९.५. पाच मिलिमीटरचा फरक. ६० सेंटिमीटर रुंदीवर ५ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. मुलींचं बरोबर होतं, आरसेच वाकडे होते. दर परावर्तनाला किरणाचा कोन अर्ध्या अंशाने कमी होतो. ४ अंशांनी निघालेला किरण आठ वेळा आपटला की आरशावर सरळ पडतो, आणि त्यानंतर कोन उलट बाजूने वाढू लागतो.

एवढ्यावर मुलींचं समाधान झालं नाही, माझंही नाही. मग कागदावर काढलं. आरशामागची जागा आरशातली न मानता खरी खोली मानायची. दोन आरशांमधली आपली खोली ही एक फोड. आरसे वाकडे असल्याने फोड उजवीकडे किंचित निमुळती. तिच्या शेजारी तिचीच प्रतिमा, म्हणजे दुसरी फोड; तिच्या शेजारी तिसरी. अशा फोडी लावत गेलं की भाकरीच्या तुकड्यांसारख्या त्या एका मध्याभोवती गोल बसतात. आता पट्टीने एक सरळ रेघ सगळ्या फोडींतून ओढली. रेघ मध्याच्या जवळ येते, आणि मध्यातून जात नसल्यामुळे पुढे लांब जाऊ लागते. किरण माघारी वगैरे फिरलाच नव्हता. तो सरळ चालला होता, वळत होत्या त्या फोडी!

आणि दिव्यांची वळणारी रांगही त्याच गोलावर. गोलाची त्रिज्या म्हणजे आरशांमधलं अंतर भागिले कोन. आमच्या पेटीसाठी ती जवळपास ७० मीटर येते. शाळेच्या मैदानापेक्षा मोठ्या वर्तुळाचा एक तुकडा या पेटीत मावला आहे. सलूनमधला बोगदा वर का वळतो, तेही इथेच सुटलं. तिथले आरसे खिळ्याला टांगलेले, वरून पुढे झुकलेले. म्हणजे वर एकमेकांना जवळ. आरसे जिकडे जवळ, तिकडे बोगदा वळतो.

हे वाक्य मुलींनी पेटीवर खडूने लिहिलं आहे.

२५ जानेवारी

बोल्ट फिरवून बोगदा सरळ केला. दीड तास लागला. टेप आता उपयोगाची नाही, टेपवर अर्धा मिलिमीटर नीट वाचता येत नाही. दहावा दिवा मात्र पाव फेऱ्याला ठळक हलतो. म्हणून मोजणं सोडलं आणि एक जण भोकाला डोळा लावून "थोडं वर, आणखी, बास, माघारी" असं सांगत राहिली. शेवटी १७ दिवे मोजले.

३० जानेवारी

पोळ्याला आणलेला मातीचा बैल एकीच्या घरी शिल्लक होता. तो आज पेटीत. 'अ'पासून २० सेंटिमीटर, 'ब'पासून ४०, तोंड 'ब'कडे.

आधी कागदावर हिशेब, मग डोळा, अशी शिस्त घातली. 'ब'च्या मागे पहिला बैल ४० सेंटिमीटरवर. 'अ'मधल्या बैलाची 'ब'मधली प्रतिमा ८० वर. पुढे १६०, २००, २८०, ३२०. म्हणजे अंतरं ४०, ८०, ४०, ८०. रांग सारखी नसून जोड्यांची असणार. पहिल्या बैलाचं तोंड दिसेल, दुसऱ्याची शेपूट, तिसऱ्याचं तोंड.

डोळा लावल्यावर तसंच दिसलं: तोंड-शेपूट जवळजवळ, मग मोकळी जागा, पुन्हा तोंड-शेपूट. बैल बरोबर मध्ये, ३० वर, सरकवला की जोड्या मोडतात आणि सगळे सारख्या अंतरावर उभे राहतात. पुस्तकात 'अनंत प्रतिमा' एवढंच असतं, त्या कुठे असतात ते नसतं. माझ्या मते खरा धडा 'कुठे' यातच आहे.

आज आलेला एक प्रश्न: "सगळ्यात लांबचा बैल आत्ताचाच आहे का?" नाही. १२ मीटरवर दिसणाऱ्या बैलाकडून आलेला प्रकाश खरोखर १२ मीटर चालून आला आहे, पेटीतल्या पेटीत. त्याला ४० नॅनोसेकंद लागले. म्हणजे तो बैल तेवढा जुना. "मग एक सेकंद जुना बैल?" त्यासाठी तीन लाख किलोमीटर हवेत. ६०-६० सेंटिमीटरने पन्नास कोटी परावर्तनं. आकडा फळ्यावर तसाच ठेवला आहे.

२ फेब्रुवारी

'ब'च्या खालच्या कोपऱ्याजवळ काळे डाग आले आहेत. बोगद्यात ते भयंकर दिसतात, कारण एक डाग प्रत्येक चौकटीत दिसतो. जणू पूर्ण रांगेला देवी आल्या आहेत.

चाचांना आरसा दाखवला. त्यांनी विचारलं, "मॅडम, सिलिकॉन आंबट वासाचं होतं का?" त्या वासाचं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि ते मागच्या थरातून चांदीपर्यंत पोहोचतं. आरशाला बिनआम्लाचं, न्यूट्रल सिलिकॉन लागतं. दुकानात मागताना मी 'काचेचं सिलिकॉन द्या' एवढंच म्हटलं होतं. ही नोंद ठळक लिहून ठेवते, कोणीही पेटी करायला घेतली तर आधी ही वाचावी.

'ब' बदलला. 'अ'ला डाग नाहीत, तरी लक्ष ठेवायचं. पुन्हा बोल्ट, पुन्हा "थोडं वर, बास".

६ फेब्रुवारी

बोगदा का विरतो, त्याचं मोजमाप. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि फोनचं प्रकाशमापक ॲप. सरळ दोन मीटरवरून ४१२. मग मध्ये आरसा घालून एकूण वाट दोन मीटरच ठेवली, तेव्हा ३५४. म्हणजे आमचा आरसा सुमारे ८६ टक्के प्रकाश परत देतो. दुकानातल्या आरशाला हे वाईट नाही.

पण ८६ टक्के पुन्हा पुन्हा गुणले की काय होतं ते मुलींनी कॅल्क्युलेटरवर केलं. पाच परावर्तनांनंतर ४७ टक्के. दहानंतर २२. वीसनंतर ५. सतराव्या दिव्यापर्यंत ३३ परावर्तनं होतात, तिथे एक टक्काही उरत नाही. तरी तो दिवा दिसतो, ही डोळ्याची करामत.

हिरवेपणाचं कारण काचेत आहे. आरशाची कड बघितली की हिरवी दिसते. काचेतल्या लोहामुळे लाल प्रकाश जास्त शोषला जातो. चांदी मागच्या बाजूला असल्याने प्रत्येक परावर्तनात प्रकाश ४ मिलिमीटर आत आणि ४ बाहेर असा काचेतून जातो. ३३ परावर्तनं म्हणजे २६ सेंटिमीटर जाड काचेतून पाहणं! चुन्यात रंगवलेला पांढरा बैल लांबवर शेवाळलेला दिसतो तो यामुळे. २००४ साली रेमंड ली आणि हावियर हेर्नांदेस-आंद्रेस यांनी साध्या आरशांवर हे नीट मोजलं होतं. ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त टिकतो, असं त्यांना आढळलं.

११ फेब्रुवारी

आज मुद्दाम लायगोचा तास घेतला. २०१६ साली आजच्याच तारखेला गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर झालं. लहर टिपली होती १४ सप्टेंबर २०१५ ला, अमेरिकेतल्या दोन केंद्रांवर. लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता त्याच फेब्रुवारीत मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले.

फळ्यावर इंग्रजी एल काढला. एकमेकांना काटकोनात दोन हात, प्रत्येक चार किलोमीटरचा, आतून हवा काढून टाकलेला. प्रत्येक हाताच्या दोन टोकांना समोरासमोर आरसे. प्रकाश त्यांच्यामध्ये सुमारे ३०० वेळा येरझाऱ्या घालतो, त्यामुळे ४ किलोमीटरचा हात १२०० किलोमीटरचा असल्यासारखा काम करतो. आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढं बदललं तरी ते ओळखायचं असतं. एका येरझारीत ते कळणं शक्य नाही. म्हणून येरझाऱ्या.

समोरासमोर आरसे ठेवून प्रकाशाला अशी येरझार घालायला लावणं ही युक्ती जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेलमध्ये शार्ल फाब्री आणि आल्फ्रेड पेरो यांनी अर्धवट चांदी चढवलेल्या दोन समांतर काचा वापरून ती मोजमापाच्या कामाला लावली. लायगोच्या हातांतली रचना त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मग मुलींनी आपला आरसा तिथे बसवून पाहिला, कागदावर. ८६ टक्के, ३०० वेळा. कॅल्क्युलेटरने दशांशचिन्हानंतर एकोणीस शून्यं दिली. म्हणूनच तिथले आरसे चांदीचे नाहीत. ४० किलो वजनाच्या, ३४ सेंटिमीटर व्यासाच्या शुद्ध सिलिकाच्या ठोकळ्यावर पातळ थरांवर थर दिलेले असतात, आणि दहा लाख प्रकाशकणांतले मोजकेच वाया जातात.

आणखी एक गोष्ट, जी २३ जानेवारीशिवाय मला समजावता आली नसती. ते आरसे सपाट नाहीत, किंचित खोलगट आहेत. वक्रतेची त्रिज्या सुमारे २ किलोमीटर. सपाट आरसे केसभर जरी वाकडे झाले तरी किरण सरकत सरकत कडेला जातो, हे आम्ही पावडरच्या ठिपक्यांत पाहिलं आहे. खोलगट आरसा त्याला दर फेरीत मध्याकडे वळवतो.

तास संपताना एक मुलगी म्हणाली, "बाई, आपली पेटी पण तेच करायलीय ना? थोडासा वाकडेपणा मोठा करून दाखवायलीय." पंधरा दिवस ज्या वाकडेपणाशी आम्ही झगडलो, तो या पोरीने मोजमाप म्हणून उचलला. मी तिला एवढंच सांगितलं की फरक आहे: लायगोत अंतरातला बदल मोजतात, आपण कोनातला, तिथे आरसा तिरका होणं ही अडचण असते आणि तो सतत सावरावा लागतो. पण मोठं करण्याची युक्ती तीच.

१७ फेब्रुवारी

कागदाचा प्रयोग. वहीची १०० पानं दाबून मोजली, ८ मिलिमीटर. म्हणजे एक पान ०.०८. ते 'ब'च्या वरच्या बोल्टखाली सरकवायचं. आरसा वरून तेवढाच पुढे झुकतो, आणि आपल्या नियमाप्रमाणे दिवे वर चढले पाहिजेत.

हिशेब: दहावा दिवा १२ मीटरवर आहे, तो सुमारे १६ मिलिमीटर वर जायला हवा. ०.०८ चे १६. दोनशेपट! आणि हे परावर्तनांच्या वर्गाने वाढतं, दुप्पट आत गेलं की चौपट.

फोन भोकाला पक्का बांधून आधी आणि नंतर फोटो घेतले. लॅपटॉपवर दहावी चौकट १७२ बिंदू (पिक्सेल) रुंद दिसते, आणि ती ६० सेंटिमीटरची आहे हे ठाऊक असल्याने तीच मोजपट्टी. एक पान: दिवा ४ ते ५ बिंदू वर. दोन पानं: ९. चार पानं: १८. मुलींनी आलेख काढला, रेघ सरळ आली. एक पान म्हणजे साडेचार बिंदू धरले तर जवळपास १६ मिलिमीटर होतात.

माझ्या नोकरीत शाळेच्या पेटीतून इतकं चोख उत्तर मी पाहिलेलं नाही.

२४ फेब्रुवारी

मांडणीची तालीम. लेझर प्रदर्शनात दाखवायचा नाही, गर्दीत डोळे सांभाळता येणार नाहीत. ठिपक्यांचे फोटो चिकटवले. बैल राहणार. लहान मुलांसाठी भोकासमोर पाट.

२८ फेब्रुवारी

सकाळपासून रांग. बहुतेक जण आधी बैल मोजत होते. आजीबाई म्हणाव्यात अशा एक पालक बराच वेळ डोळा लावून बसल्या आणि उठताना बैलाला हात जोडून गेल्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर माझ्या चौघींनी संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद काढला. वहीच्या पानापेक्षा कितीतरी पातळ. तो बोल्टखाली सरकवला, आधी-नंतरचे फोटो घेतले. दहाव्या दिव्यावर वाद झाला: एक म्हणाली एक बिंदू, दुसरी म्हणाली दोन. मग पंधरावा पाहायचं ठरलं. तो मंद आणि हिरवा होता, फोटो मोठा केल्यावर चौकोनी ठिपके झाले होते. तिथे मात्र चौघींनी वेगवेगळं मोजून कागदावर आकडा लिहिला आणि एकदम उघडला. चारही कागदांवर तीन.

पेटी प्रयोगशाळेच्या कपाटावर ठेवली आहे. बोल्ट हलवलेले नाहीत. उद्यापासून सकाळी आणि दुपारी एकेक फोटो काढायचा, उन्हाळा चढेल तशी फळी किती फुगते ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. वहीत तारखांचे रकाने आखून झाले.